बैल पायाशी असलेलं अक्षर

मंडळी, नमस्कार.

आपल्यापैकी काही घरांत मुलं मँडरिन शिकतात, म्हणून आज एकाच चिनी अक्षराबद्दल बोलते. उच्चार 'जिआंग', आवाज वरून झटकन खाली आणायचा. अर्थ हट्टी, हेकट.

हे अक्षर 16 रेघांचं. वर 'बळकट' या अर्थाचं अख्खं अक्षर: डावीकडे धनुष्य, उजवीकडे तोंडाचा चौकोन, त्याखाली किडा. आणि या सगळ्याच्या तळाशी बैल! चिखलात पाय रोवून उभा राहिलेला बैल ज्यानं पाहिलाय, त्याला आणखी काही सांगायला नको.

वरचं 'बळकट' एकटं लिहिलं, की त्याचे उच्चार तीन. 'छ्यांग' म्हणताना सूर चढवला तर बलवान. सूर खाली नेऊन परत वर आणला तर बळजबरी. आणि 'जिआंग' म्हटलं तर पुन्हा हट्टच. बळ, बळजबरी आणि हेका, तिन्ही एकाच अक्षरात नांदतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

बोलण्यात 'जिआंग'पुढे 'तोंड' जोडलं, की उलट उत्तर देणं. 'गाढव' जोडलं, की हटवादी माणूस. 'ब्ये जिआंग ला', म्हणजे 'पुरे झाला हट्ट', हे आई मुलाला म्हणते तेव्हा रागात मायाही असते. 'ज्वे-जिआंग' या जोडशब्दात मात्र बऱ्याचदा कौतुक असतं: न वाकणारा, न रडणारा.

चीनमधल्या सोंग राजवटीतले प्रधान वांग आनशी यांनी 1069 पासून मोठ्या सुधारणा सुरू केल्या. हंगामाआधी शेतकऱ्यांना सरकारी कर्ज ही त्यातलीच एक. विरोधकांना ते बधेनात, म्हणून त्यांना 'हेकट प्रधान' हे नाव पडलं. तिथलं अक्षर वेगळं आहे, पण भाव हाच. तो हेका नसता तर त्या सुधारणा वर्षभरही टिकल्या नसत्या, असं माझं मत आहे.

हाक्का या चिनी समाजात तर 'कडक मान' हा अभिमानाचा शब्द. आपण 'ताठ मानेनं जगला' म्हणतो, ते त्यांना लगेच कळेल.

मुलांनो, वापरताना एवढं सांभाळा: 'मी जरा जिआंग आहे' असं स्वतःबद्दल खुशाल म्हणा. शिक्षकांबद्दल किंवा मोठ्यांबद्दल, त्यांच्या तोंडावर, कधीच नाही.