बातूरवरचा सूर्योदय

श्रोतेहो, नमस्कार. इंडोनेशियातल्या बाली बेटावर जाणारे अनेक प्रवासी आपल्या कार्यक्रमात एक पहाट राखून ठेवतात. अंधारात बातूर ज्वालामुखी चढायचा आणि माथ्यावरून सूर्योदय पाहायचा, ही ती पहाट. बातूरची उंची १७१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा फक्त ७१ मीटर जास्त. पायथाही उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढाई साधारण साडेसहाशे ते सातशे मीटरची, दोन तासांची. कळसूबाई चढणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल आणि दमाच्या बाबतीत ते खरंही आहे. बातूर फारसा दमवत नाही, तो घसरवतो आणि गारठवतो. हे दोन्ही टाळता येतं, आणि कसं टाळायचं ते आज सांगायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. बातूर हा एका प्रचंड कुंडाच्या आत उभा असलेला सुळका आहे. सुमारे २९ हजार आणि २० हजार वर्षांपूर्वी इथे दोन महास्फोट झाले, मूळच्या मोठ्या ज्वालामुखीचा माथा आत कोसळला आणि लांबीला तेरा-चौदा किलोमीटर भरेल असं कुंड तयार झालं. शास्त्रज्ञ त्याला कॅल्डेरा म्हणतात. कुंडाच्या पूर्व बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचं बातूर सरोवर आहे आणि मधोमध आजचा जिवंत ज्वालामुखी. १९२६ च्या उद्रेकात लाव्हानं पायथ्याचं बातूर गाव आणि तिथलं देऊळ गाडून टाकलं. लोकांनी गाव आणि देऊळ कुंडाच्या वरच्या कडेवर नव्यानं वसवलं. तेच आजचं पुरा उलुन दानू बातूर, सरोवराच्या देवीचं मंदिर. बालीतल्या भातशेतीची जी पाटपाण्याची व्यवस्था आहे, सुबाक, तिच्यात या मंदिराचा मान सर्वांत मोठा. २०१२ साली युनेस्कोनं सुबाकचा जागतिक वारशात समावेश केला, त्यात हे मंदिरही आहे. त्यानंतरचे मोठे लाव्हाप्रवाह १९६३, १९६८ आणि १९७४ सालचे. पेनेलोकान गावाच्या सज्जावरून खाली पाहिलं तर ते काळेशार पसरलेले दिसतात. शेवटचा उद्रेक २००० साली झाला.

आता जमिनीकडे येऊ, कारण सह्याद्रीत फिरणाऱ्यांची फसगत इथेच होते. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबलांब भेगांतून वाहिला, थरावर थर साचला आणि त्याचा घट्ट कातळ झाला. त्यावर पाय ठेवला की पाय तिथेच राहतो. बातूरचा वरचा सुळका कालपरवाचा आहे. उद्रेकात उडालेले सच्छिद्र खडे, राख आणि मधूनमधून लाव्हाचे खडबडीत धोंडे, असा तो रचलेला. सुटे खडे एका ठरावीक उतारालाच टिकतात आणि ते त्या टोकावरच थांबलेले असतात. तुमचा पाय पडला की पुन्हा सरकू लागतात. म्हणजे शेवटचा तासभर सगळा घसारा. फरशीवर सांडलेल्या ज्वारीवरून चालावं तसं.

म्हणून बूट. चपला, सँडल, गुळगुळीत तळव्याचे रोजचे बूट इथे चालत नाहीत. खोल खाचांचा तळवा हवा आणि शक्यतो घोटा झाकणारा बूट हवा, कारण खडे बुटात शिरतात आणि त्यांच्या कडा काचेसारख्या टोचतात. नवाकोरा बूट घालून जाऊ नका. आधी घरी पंधरवडाभर वापरून घ्या. लांब पँट घाला. घसरून बसलात, आणि इथे बरेच जण एकदा तरी बसतात, तर उघडा गुडघा या दगडावर चांगलाच सोलवटतो.

वेळेचा हिशोब सूर्योदयापासून मागे करायचा. बाली विषुववृत्ताजवळ आहे, त्यामुळे सूर्योदयाची वेळ वर्षभरात फार हलत नाही, पण अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतोच. जुलैत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये सहाच्या थोडा आधी. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी माथ्यावर असावं. खरा रंग त्या अर्ध्या तासातच असतो. म्हणजे जुलैत चारला चालायला लागलं तरी पुरतं, नोव्हेंबरात साडेतीनला निघायला हवं. बेटाच्या आतल्या भागातल्या उबुद गावाहून पायथ्यापर्यंत गाडीनं तास-सव्वा तास, दक्षिण किनाऱ्यावरच्या कुटा-सेमिन्याककडून दोन तास किंवा थोडे जास्त. म्हणून उबुदहून गाडी दोनच्या सुमारास येते, दक्षिणेकडून त्याआधी तासभर. बालीची वेळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. तिथल्या रात्री दोनला आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. नुकतंच पोहोचलेलं शरीर त्या वेळी नुकतं झोपायच्या तयारीत असतं, त्यामुळे पोहोचल्याच्या पहिल्या रात्री हा ट्रेक ठेवला तर झोप शून्य होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा.

आणि लवकर पोहोचण्याची चढाओढ करू नका. समुद्रकिनाऱ्यावर रात्री पंचवीस अंश असतील, तर हजार मीटरला साडेसहा अंश या हिशोबानं माथ्यावर तेरा-चौदा अंश भरतात, वर वारा. दीड तासात धापा टाकत वर आलेला माणूस घामानं भिजलेला असतो. तो तासभर अंधारात बसून राहतो, ओल्या कपड्यातून वारा अंगातली ऊब ओढून घेतो आणि सूर्य येईपर्यंत त्याचे दात वाजायला लागतात. उपाय दोन. चालताना इतक्या वेगानं चाला की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, आणि चालायला लागल्यावर दहा मिनिटांत जाकीट काढून सॅकमध्ये टाका. वर पोहोचताच, गारवा जाणवायच्या आधीच, ओला टी-शर्ट काढून कोरडा चढवा आणि त्यावर वारा अडवणारं जाकीट घाला. एक सुका टी-शर्ट, विंडचीटर, कानटोपी: सगळं मिळून अर्धा किलोही भरत नाही. आपल्याकडचे लोक बालीला निघताना किनाऱ्याचेच कपडे भरतात, म्हणून हे मुंबईत बॅग भरतानाच लक्षात ठेवायचं.

सॅकमध्ये दीड लिटर पाणी, मूठभर चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू, आणि स्वतःची हेडटॉर्च. वाटाड्या हातात धरायची टॉर्च देतो, पण घसाऱ्यावर दोन्ही हात मोकळे लागतात. सेल नवे घाला. प्रकाश मंद ठेवा आणि पायापुढच्या दोन मीटरवर पडू द्या. समोरच्याच्या तोंडावर झोत मारला तर त्याचे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीसेक मिनिटं घेतात, आणि तेवढा वेळ तो आंधळेपणानं पाय टाकत राहतो.

बातूरवर स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. तिथल्या वाटाड्यांची संघटना आहे आणि पायथ्याशी एकट्यादुकट्याला अडवतात. काहींना ही जबरदस्ती वाटते. आमच्या मते ही चांगली पद्धत आहे. अंधारात घसाऱ्यावर दहा वाटा फुटलेल्या दिसतात, त्यातली कुठली पावसानं खचली आहे आणि कुठली विवराच्या कडेला जाऊन संपते, हे रोज चढणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय उद्रेकाची झळ ज्या गावांनी सोसली त्यांनाच या डोंगराचं उत्पन्न मिळावं, हे न्यायाचंही आहे. वाटेत वाटाड्या छोट्या देवळापाशी थांबून फुलांचा नैवेद्य ठेवतो. नारळाच्या पानाची ती चौकोनी परडी ओलांडू नका, तुडवू नका. हा डोंगर बालीच्या हिंदूंसाठी पवित्र आहे.

पायथ्याच्या तोया बुंगकाह गावाकडून निघालात तर पहिली पाऊण तासाची वाट शेतांमधून आणि झाडीतून जाते. टोमॅटो, मिरची, कांदा यांचे वाफे असतात. चढ सौम्य, पायाखाली माती. इथे मोटारसायकलवाले मागे लागतात, अर्ध्यापर्यंत सोडतो म्हणतात. गुडघ्याचा त्रास असेल तर बसा, नाहीतर ही चाल टाळू नका. याच टप्प्यात शरीर तापतं आणि श्वासाची लय बसते. त्यानंतर चढ उभा होतो. पावलं छोटी टाका, पूर्ण तळवा टेकवा, टाच उचलून चवड्यावर चढू नका. चवड्यावर भार आला की खडे मागे सरकतात आणि प्रत्येक दोन पावलांत एक वाया जातं. जिथे लाव्हाचा मोठा धोंडा रुतलेला दिसेल तिथे त्याच्यावर पाय द्या. पुढच्या माणसापासून दोन-तीन मीटर अंतर ठेवा. तुमच्या पायाखालून दगड सुटला तर मोठ्यानं ओरडून खालच्यांना सावध करा, कुठल्याही भाषेत.

माथ्यावर तोंड पूर्वेकडे करून बसा. खाली सरोवर, उजव्या हाताला आग्नेयेकडे आबांग हा डोंगर आणि त्याच्यामागे ३००० मीटरहून उंच आगुंग, बालीचा सर्वोच्च डोंगर. सामुद्रधुनीपलीकडे लोंबोक बेटावरचा ३७२६ मीटरचा रिंजानी, हवा स्वच्छ असेल तरच. जूनमध्ये सूर्य रिंजानीच्या बराच डावीकडे उगवतो, डिसेंबरात उजवीकडे, पण आबांगच्या मागून कधीच नाही. फोटोसाठी जागा निवडताना हे उपयोगी पडतं.

भेगांमधून वाफ येत असते आणि वाटाडे त्या वाफेवर अंडी, केळी शिजवून न्याहारी देतात. शाकाहारी असाल, जैन असाल, तर आदल्या दिवशीच सांगा. वाफेत हात घालून पाहू नका, उकळत्या पातेल्यावरच्या वाफेइतकीच ती भाजते. माकडं इथे धीट आहेत. सॅकची चेन बंद ठेवा, गॉगल डोक्यावर ठेवू नका आणि हातातलं केळं त्यांनी ओढलं तर सोडून द्या, कारण चावा घेतला तर पुढे रेबीजच्या इंजेक्शनांचा फेरा लागतो. विवराच्या कडेनं पूर्ण फेरी मारता येते, पण धार काही ठिकाणी जेमतेम दोन पावलांची आहे, दोन्ही बाजूंना उतार. उंचीची भीती असेल तर नाही म्हणा. वाटाड्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

उतरणं हा खरा ट्रेक आहे. प्रकाश आलेला असतो, दृश्य ओढ लावतं आणि मांड्या थकलेल्या असतात. घसरायची भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की भार टाचेच्या मागे जाऊन पाय पुढे निसटतो. गुडघे किंचित वाकवा, नाकाची सरळ रेघ बोटांवर येईल इतके पुढे झुका, पावलं चढतानापेक्षाही लहान. जिथे खडे घोट्यापर्यंत खोल आहेत तिथे मात्र टाच रुतवत उतरा, तिथे घसरणं आपोआप थांबतं. कडक मातीवर पातळ खडी पसरलेली जागा सर्वांत वाईट. ती बाजूनं, तिरकं चालून ओलांडा. ट्रेकिंगची काठी असेल तर उतरताना पाच-दहा सेंटिमीटर लांब करा. बुटाची नाडी निघण्यापूर्वी घोट्यापाशी आवळा, नाहीतर अंगठ्याचं नख पुढे आपटून काळंनिळं होतं.

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये अरुंद वाटेवर रांग लागते, म्हणून मे, जून किंवा सप्टेंबर बरा. नोव्हेंबर ते मार्च पाऊस. शेतातली माती निसरडी होते आणि माथा ढगात असतो. विजा असतील तर वाटाड्या थांबवेल, त्याच्याशी वाद घालू नका. मार्चच्या आसपास बालीचा न्येपी हा मौनाचा दिवस येतो. त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो. तारीख आधी पाहून घ्या.

ज्वालामुखीची स्थितीही आधी पाहायची. इंडोनेशियात चार पायऱ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. मॅग्मा इंडोनेशिया या सरकारी संकेतस्थळावर आणि ॲपवर प्रत्येक डोंगराची पायरी रोज दिसते. दुसरी पायरी म्हणजे किरकोळ, असं समजू नका. सुमात्रातला मारापी दुसऱ्याच पायरीवर होता, विवरापासून तीन किलोमीटर दूर राहण्याची सूचना होती, तरी लोक चढले आणि ३ डिसेंबर २०२३ च्या उद्रेकात २४ गिर्यारोहक गेले. बातूर नॉर्मलवर नसेल तर तुमच्याकडे कुणी तिकीट विकत असलं तरी जाऊ नका.

एक इशारा जो सहसा कुणी देत नाही. बालीत तुलांबेन, आमेदला लोक स्कूबा डायव्हिंग करतात आणि दुसऱ्याच पहाटे बातूर गाठतात. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी उंचावर गेलात तर हवेचा दाब कमी झाल्यानं त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे, मेंदू, मज्जारज्जू यांना इजा होऊ शकते. विमानासाठी जो नियम तोच इथे पाळा: शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास, चोवीस उत्तम. आधी डोंगर, मग समुद्र, असा क्रम लावला की प्रश्नच मिटतो.

आई-वडील बरोबर असतील आणि गुडघे साथ देत नसतील, तर त्यांच्यासाठी जीपची सोय आहे. जीप माथ्यावर जात नाही. कुंडातल्या एका उंच जागी सूर्योदयाला थांबते आणि मग काळ्या लाव्हाच्या मैदानातून फिरवून आणते. ट्रेकवाले नऊच्या सुमारास खाली येतात, तेव्हा तोया बुंगकाहच्या गरम पाण्याच्या कुंडांवर सगळ्यांना भेटता येतं.

बुकिंग करताना चार गोष्टी लेखी विचारून घ्या: प्रवेशशुल्क धरलं आहे का, गाडी नेणार आणि आणणार का, एका वाटाड्यामागे किती माणसं, आणि तुमच्यातला एक जण मध्येच थांबला तर त्याच्याबरोबर कोण थांबणार. शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर ज्याच्याकडे नसेल, त्याच्याकडे पैसे भरू नका. नमस्कार.