हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही

(दृश्य: कोकणातलं अंगण. सुपात धुऊन ठेवलेल्या कोयी.)

या कोयी हापूसच्या. पेरल्या तर रुजतील, काही वर्षांनी फळंही धरतील. पण ती झाडं हापूस नसतील. मोहोरावर माश्या कुठल्या झाडाचे पराग आणतात, याचा काही नेम नसतो. कोयीतून येतं ते नवंच झाड, रायवळ.

लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली आंब्याला शास्त्रीय नाव दिलं, मँजिफेरा इंडिका. हापूस, पायरी, केसर, रायवळ, सगळे त्यातच आले. बागायतदाराचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. आपण आंब्यालाही जात म्हणतो आणि हापूसलाही जातच म्हणतो, घोळ तिथे होतो. आंबा ही प्रजाती, हापूस हे तिच्यातलं एक वाण. अशा लागवडीतल्या वाणांसाठी लिबर्टी हाइड बेली या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये ‘कल्टिव्हार’ हा शब्द घडवला. १९५३ मध्ये वाणांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली आली. तिच्याप्रमाणे आधी शास्त्रीय नाव, मग एकेरी अवतरणात वाणाचं: मँजिफेरा इंडिका ‘अल्फान्सो’.

अल्फान्सो हे नाव आलं ते गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कवरून. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आंब्याची कलमं बांधली गेली, आणि अफोन्सोचा आपल्या तोंडी आफूस, हापूस झाला. आजचा प्रत्येक हापूस म्हणजे काडीवरून काडी बांधत आलेलं तेच जुनं झाड.

(दृश्य: कलमांची रोपवाटिका.)

वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर झाला. त्यातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आला. हापूसला छळणारा साका, म्हणजे गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग, त्यात नाही. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आला, कोय अगदी पातळ. सिंधूत चारातले तीन हिस्से हापूसच, तरी नाव वेगळं, आणि ते योग्यच आहे. नीलम आणि दशहरी यांच्या पोटी ‘मल्लिका’ही आली आणि ‘आम्रपाली’ही. घराणं एक असलं तरी झाडं दोन, म्हणून नावंही दोन.

(दृश्य: घरामागचा थोराड रायवळ.)

फळाला शेपूचा वास, म्हणून घरच्यांनी याला शेपू म्हटलं. शेजारी बिटकी, पलीकडे खोबऱ्या. ही नावं कुठल्या नियमावलीतून आलेली नाहीत, पण मला ती तितकीच मोलाची वाटतात. शेपूचं हे एकच झाड, आणि खोड आतून पोखरलंय. अंगणातल्या त्या कोयी रुजल्या, की कोवळ्या रोपांवर याच्या काड्या बांधायच्या आहेत. याच पावसाळ्यात.