बाकडं बाहेर काढलं

जून लागलाय, पावसाचा पत्ता नाही, आणि ऐरोलीतल्या एका छोट्या दवाखान्यात सिस्टर कपाट उघडून गोळ्यांच्या स्ट्रिप उलट्या करकरून बघतायत. ऑसेल्टामिवीर, म्हणजे आपली टॅमीफ्लू, फ्लूवरची गोळी. जिची एक्स्पायरी जवळ ती पुढे, नवी मागे, घरी डाळीचे डबे लावतो तसंच.

फ्लू थंडीतला आजार असं आपण ऐकून असतो, पण आपल्याकडे तो जानेवारी ते मार्च एकदा आणि मग पावसात परत येतो. 2009 ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो ऑगस्टमध्ये. त्यात पावसातच डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, सगळ्यांची सुरुवात तापानेच, मग केस पेपरच्या खिडकीवर कोणाला काय झालंय कसं कळणार?

म्हणून इथे सगळ्यात आधी बाकडं हललंय. खोकणाऱ्यांचं बाकडं आतल्या बोळातून उचलून बाहेर पत्र्याच्या शेडखाली. मास्कचा बॉक्स मावशींनी सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलाय, “गेल्या टायमाला अख्खा बॉक्सच नेला कोणीतरी!” मला विचाराल तर कुठल्याही नव्या मशीनपेक्षा हे बाकडं जास्त कामाचं.

पेशंटचे तीन गट. साधा ताप-खोकला असेल तर ए, टेस्ट नको, घरी आराम. गरोदर बाई, वयस्कर माणसं, डायबेटीस-दमावाले बी, त्यांना रिपोर्टची वाट न बघता गोळी चालू, कारण ती पहिल्या 48 तासांत पोटात गेली तर सगळ्यात जास्त फायदा. आणि धाप लागली, ओठ निळे पडले की सी, सरळ ॲडमिट. आता ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांतली माणसं काय करतात, मेडिकलमधून तापाची गोळी घेऊन तीन दिवस ड्युटी मारतात आणि चौथ्या दिवशी इथे उगवतात, तेव्हा 48 तास कधीच गेलेले असतात.

लस फ्रिजमध्ये, 2 ते 8 डिग्रीला. विषाणू रूप बदलतो म्हणून दरवर्षी नवी, आणि टोचल्यावर दोनेक आठवडे लागतात असर व्हायला, म्हणून स्टाफला आत्ताच. ऑक्सिमीटर तपासले तर दोनांचे सेल गेलेले.

तेवढ्यात एक आजोबा खोकत खोकत आत येऊन नेमके जुन्याच जागी बसले.

“आजोबा, बाहेर बसा ना शेडमध्ये.”

“अगं पोरी, बाहेर पंखा कुठाय?”

सिस्टरनी इंडेंटची, म्हणजे सामान मागवायची वही ओढली, लिहिलं, पंखा, 1 नग.