कलम 105 चे दोन तुकडे

श्रोते हो, नमस्कार.

युगांडाच्या घटनेतलं 105 वं कलम आज उघडून बघू या. त्याचं पहिलं पोटकलम सांगतं, राष्ट्राध्यक्षाची मुदत पाच वर्षांची. दुसरं सांगत होतं, एका माणसाला अशा दोनच मुदती. पहिलं आजही जागेवर आहे. दुसरं 2005 साली बदललं. आता तिथे लिहिलंय की एक किंवा अधिक मुदतींसाठी निवडून येता येईल. हा बदल ज्यांच्या उपयोगी पडला ते योवेरी मुसेवेनी जानेवारी 1986 पासून सत्तेवर आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी पुन्हा उमेदवारी दाखल केली, तेव्हा त्यांचं वय 81 होतं. एकाच कलमाच्या दोन तुकड्यांचं नशीब इतकं वेगळं कसं, हे कळलं की तिथलं बरंचसं राजकारण कळतं.

थोडी पार्श्वभूमी हवी. मुसेवेनी बंदुकीच्या जोरावर आले. पाच वर्षं जंगलातून गनिमी युद्ध लढून त्यांच्या फौजेने राजधानी कंपाला घेतली. त्याआधीच्या दीड दशकात इदी अमीन आणि मिल्टन ओबोटे यांच्या राजवटींनी देशाचे हाल हाल केले होते, त्यामुळे लोकांनी मुसेवेनींचं मनापासून स्वागत केलं. अमीनने 1972 साली आशियाई वंशाच्या लोकांना 90 दिवसांत देशाबाहेर काढलं. त्यांत गुजराती बहुसंख्य होते, आणि सरकारी कचेऱ्यांत पिढ्यान् पिढ्या काम केलेले गोवेकरही होते. या लोकांच्या जप्त मालमत्ता परत करण्याचं काम मुसेवेनींच्या काळात मार्गी लागलं. सुरुवातीची त्यांची लोकप्रियता खरी होती. हे विसरून पुढचं राजकारण वाचायला गेलं तर ते समजत नाही.

नवी घटना सावकाश झाली. न्यायमूर्ती बेंजामिन ओडोकी यांच्या आयोगाने देशभर लोकांची मतं गोळा केली, 1994 साली घटना समिती निवडली गेली, आणि 8 ऑक्टोबर 1995 रोजी घटना लागू झाली. मुसेवेनींना सत्तेवर येऊन तोवर जवळजवळ दहा वर्षं झाली होती. ही वर्षं कुठल्याच मुदतीत धरली गेली नाहीत. मोजणी 1996 च्या निवडणुकीपासून सुरू झाली. जुना सत्ताधारी नव्या घटनेखाली पाटी कोरी करून घेतो, हा पहिला डाव. त्यासाठी काही मोडावं लागत नाही, फक्त मागचं मोजायचं राहून जातं.

घटनाकारांनी मात्र दोन अडसर लिहून ठेवले होते. एक, दोन मुदतींची मर्यादा, कलम 105 मध्ये. दुसरा वयाचा, कलम 102 मध्ये: उमेदवार 35 वर्षांहून लहान नको आणि 75 हून मोठा नको.

खरी गोम आहे ती घटनादुरुस्तीच्या प्रकरणात. युगांडाच्या घटनेत कलमांना तीन प्रकारची कुलपं आहेत. सर्वांत भक्कम कुलूप कलम 260 चं: दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाला संसदेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं, आणि शिवाय सार्वमत. मधलं कलम 261 चं: तितकीच मतं, आणि दोन तृतीयांश जिल्हा परिषदांची संमती. या दोन्हींत दोन वाचनांच्या मतदानामध्ये संसदेच्या बैठकीचे किमान 14 दिवस जावे लागतात. सर्वांत हलकं कुलूप कलम 262 चं: नुसती संसदेची दोन तृतीयांश मतं. सार्वमत नाही, जिल्हे नाहीत, थांबणं नाही.

आता कोणतं कलम कोणत्या कुलपाखाली ठेवलं ते बघा. भक्कम कुलपाच्या यादीत 105 चं फक्त पहिलं पोटकलम आहे, म्हणजे पाच वर्षांची मुदत. दोन मुदतींची मर्यादा त्या यादीत नाही. वयाची अटही नाही. मुदत पाचाची सहा वर्षं करायची तर साऱ्या देशाला विचारायचं, पण पाच वर्षांच्या मुदती दोनाच्या दहा करायच्या तर खासदार पुरेत. घटना लिहिणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं की अनवधानाने, यावर वाद घालता येईल. परिणाम मात्र एकच झाला: सत्तेत राहू इच्छिणाऱ्याला जनतेकडे जाण्याची गरज उरली नाही, संसद पुरेशी होती.

पहिली दुरुस्ती 2005 ची. मुसेवेनी 1996 ला जवळपास तीन चतुर्थांश मतांनी आणि 2001 ला सुमारे 69 टक्क्यांनी निवडून आले होते. 2001 च्या जाहीरनाम्यात त्यांनी ही आपली शेवटची मुदत म्हणून सांगितलं होतं. 2003 पर्यंत पक्षात वेगळी भाषा सुरू झाली. मर्यादा काढायला विरोध करणाऱ्या मंत्र्यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आलं. त्यांत मुसेवेनींचे बालमित्र आणि युद्धातले सहकारी एरिया काटेगाया होते, नीतिमत्ता खात्याच्या मंत्री मिरिया माटेम्बे होत्या. काटेगाया तीन वर्षांनी सरकारात परतले, तोवर मर्यादा गेलेली होती.

मतदानाआधी बहुसंख्य खासदारांना प्रत्येकी 50 लाख शिलिंग मिळाले. मतदारांशी सल्लामसलतीचा खर्च, असं त्याला नाव होतं. आणि याच सुमाराला एक गोड गोष्ट पुढे आली: तोवर युगांडात पक्षांना निवडणुकीत उमेदवार उभे करायची बंदी होती, ती उठणार होती. 28 जुलै 2005 ला बहुपक्षीय पद्धतीसाठी सार्वमत झालं आणि 92 टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. विरोधकांना जे वीस वर्षं हवं होतं ते त्याच वर्षी मिळालं, ज्या वर्षी मुदतीची मर्यादा गेली. लोकांना पक्षांबद्दल विचारलं गेलं, मुदतींबद्दल नाही. परदेशी देणगीदारांनाही दाखवायला काहीतरी हाती आलं. अदलाबदल इतकी सफाईदार होती की तिला विरोध करणाऱ्याला आपण नेमकं कशाला विरोध करतोय हे समजावून सांगावं लागे.

संसदेत लष्कराच्या 10 जागा असतात. त्यांच्यावर काय दबाव होता ते दोन उदाहरणांवरून दिसतं. ब्रिगेडियर हेन्री टुमुकुंडे यांनी रेडिओवर बोलताना मर्यादा काढण्यावर टीका केली. मे 2005 मध्ये त्यांना खासदारकी सोडावी लागली आणि अटकही झाली. कर्नल फ्रेड बोगेरे मतदानात तटस्थ राहिले, म्हणजे विरोधातही गेले नाहीत, तरी त्यांच्यामागे चौकशीचं लचांड लागलं. मतदान उघड होतं. कुणी काय केलं ते सगळ्यांना दिसत होतं, आणि उघड मतदानाचा हेतू पुष्कळदा तोच असतो.

मर्यादा गेल्यावर 2006, 2011 आणि 2016 च्या निवडणुका मुसेवेनींनी जिंकल्या. 2016 नंतर वयाचा अडसर समोर उभा राहिला. अधिकृत नोंदीप्रमाणे त्यांचा जन्म 1944 चा, 2021 ला ते 76 वर्षांचे होणार.

या वेळी सरकारने स्वतः विधेयक आणलं नाही. इगारा पश्चिमचे खासदार रफाएल मग्येझी यांनी सप्टेंबर 2017 मध्ये ते अशासकीय विधेयक म्हणून मांडलं. दिसायला सोयीचं, एका खासदाराची कल्पना म्हणून. पण अशासकीय विधेयकाची एक अडचण असते: घटनेच्या 93 व्या कलमाप्रमाणे ज्याने सरकारी तिजोरीवर बोजा पडेल असं विधेयक फक्त सरकारच आणू शकतं. ही अडचण पुढे न्यायालयात कामी आली.

26 आणि 27 सप्टेंबरला सभागृहात खुर्च्या आणि ठोसे चालले. अध्यक्षा रेबेका कडागा यांनी 25 खासदारांना निलंबित केलं, आणि सुरक्षा दलांची माणसं थेट सभागृहात घुसून खासदारांना ओढून घेऊन गेली. मुकोनोच्या खासदार बेटी नाम्बूझे यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. बाहेर ‘तोगिक्वाताको’ म्हणजे ‘हात लावू नकोस’ ही घोषणा चालू होती आणि लोक डोक्याला लाल फडकं बांधून फिरत होते. खासदारांना पुन्हा सल्लामसलतीचे पैसे मिळाले, या वेळी प्रत्येकी 2 कोटी 90 लाख शिलिंग. काहींनी ते परत केले. पोलिसांनी आदेश काढला की खासदाराने आपल्याच मतदारसंघात सल्लामसलत करावी, दुसऱ्याच्या मतदारसंघात जाऊ नये. यामुळे विरोधी नेत्यांना एकत्र सभा घेणंच अशक्य झालं.

समितीत आणि सभागृहात विधेयक फुगलं. खासदारांनी त्यात स्वतःची आणि स्थानिक परिषदांची मुदत पाचाची सात वर्षं करणारी कलमं घातली, तीही चालू मुदतीपासून. सोबत दोन मुदतींची मर्यादा परत आणणारं कलमही घातलं. वय काढून मुदत परत, असा तोडगा. 20 डिसेंबर 2017 ला एकेकाचं नाव पुकारून मतदान झालं: बाजूने 317, विरोधात 97, तटस्थ 2. आठवड्याभरात सही झाली.

खटला म्बाले गावी घटनात्मक न्यायालयासमोर चालला. 26 जुलै 2018 ला निकाल लागला. खासदारांनी स्वतःच्या मुदतीत केलेली, तिजोरीवर बोजा टाकणारी वाढ पाचही न्यायाधीशांनी रद्द केली. वयाची अट काढणं मात्र चार विरुद्ध एक मताने वैध ठरलं; विरोधी मत न्यायमूर्ती केनेथ काकुरू यांचं. आणि मूळ विधेयकात नसलेली, नंतर घुसवलेली कलमं काढताना त्यांच्याबरोबर दोन मुदतींची मर्यादाही गेली. खासदारांच्या लोभाला चाप बसला तो योग्यच. पण हिशेब केला तर मुसेवेनींना हवं ते राहिलं, आणि त्यांना अडवू शकलं असतं ते नेमकं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2019 ला हा निकाल चार विरुद्ध तीन मतांनी कायम केला.

या खटल्यात आपल्या इकडचा एक धागा होता. वयाची अट हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, तिला संसद हात लावू शकत नाही, असा युक्तिवाद अर्जदारांनी केला. हा सिद्धांत 1973 च्या केशवानंद भारती खटल्यातला, जिथे मुंबईचे नानी पालखीवाला अर्जदारांच्या वतीने उभे होते आणि 13 न्यायाधीशांचा निकाल सात विरुद्ध सहा असा लागला होता. कंपालाच्या वकिलांनी तो सविस्तर मांडला. न्यायालयांनी ऐकून घेतला, आणि वयाची अट त्या चौकटीत बसत नाही असं ठरवलं. आपल्याकडे कलम 368 मध्ये सार्वमत हा प्रकारच नाही, म्हणून न्यायाधीशांना ती चौकट स्वतः शोधावी लागली. युगांडात घटनेने कोणतं कलम किती महत्त्वाचं हे यादी करून सांगितलेलं होतं, आणि यादीत जे नाही ते वाचवायला न्यायाधीश धजावले नाहीत.

दोन तृतीयांश खासदार आणायचे कुठून, याची तजवीज वर्षानुवर्षं चालू होती. प्रत्येक जिल्ह्यातून एक महिला खासदार निवडून येते. 1986 साली युगांडात 33 जिल्हे होते. 2020 पर्यंत ते 135 झाले, कंपाला वेगळी. नवा जिल्हा म्हणजे नवी जागा, नव्या नोकऱ्या, आणि जिल्हा मिळाला म्हणून खूश असलेला मतदारसंघ. 2021 च्या संसदेत 529 सदस्य होते: 353 थेट मतदारसंघांतून, 146 महिला प्रतिनिधी जिल्ह्यांतून आणि शहरांतून, आणि उरलेले 30 लष्कर, युवक, कामगार, अपंग आणि वृद्धांचे. माझ्या मते, लोक लाल फडक्यांच्या दिवसांतल्या मारामाऱ्या लक्षात ठेवतात, पण खरं काम जिल्ह्यांच्या नकाशावर आधीच होऊन गेलेलं होतं.

निवडणुकीला न्यायालयात आव्हान देण्याचा मार्गही कागदावर उघडा आहे. मुसेवेनींचे प्रतिस्पर्धी उमेदवार किझा बेसिग्ये यांनी 2001 आणि 2006 ला तो वापरला. दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचं पालन झालं नाही हे मान्य केलं, आणि अनुक्रमे तीन विरुद्ध दोन, चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या बहुमताने निवडणूक टिकवली. कारण कायदा म्हणतो, निकालावर ‘लक्षणीय’ परिणाम झाला हे सिद्ध करा. पुरावा गोळा करायला, शपथपत्रं करायला आणि अर्ज दाखल करायला तेव्हा निकालापासून 10 दिवस होते. देशभरच्या हजारो केंद्रांचा हिशेब 10 दिवसांत मांडायचा! मग्येझींच्या कायद्याने हे दिवस 15 केले. ‘लक्षणीय’ हा शब्द तसाच राहिला.

शेजारी देशांनी वेगळ्या वाटा घेतल्या. रवांडाने डिसेंबर 2015 मध्ये सार्वमत घेऊन मर्यादेतून पळवाट काढली, 98 टक्के होकार. बुरुंडीत त्याच वर्षी न्यायालयाने ठरवलं की राष्ट्राध्यक्ष एन्कुरुन्झिझा यांची पहिली निवड जनतेने नाही, संसदेने केली होती, म्हणून ती मोजायची नाही.

युगांडात हे सगळं उलटं फिरवायचं म्हटलं तर काय लागेल? 105 चं दुसरं पोटकलम पूर्वीसारखं करायला कलम 262 पुरे, म्हणजे 2021 च्या संसदेच्या हिशेबाने 353 मतं, दोनदा. पण तेवढ्याने ते पुन्हा हलक्याच कुलपाखाली येतं, आणि पुढच्या एखाद्या संसदेला तितक्याच सहज काढता येतं. ते भक्कम यादीत घालायचं तर कलम 260 बदलावं लागेल. कलम 260 स्वतःच त्या यादीत आहे, म्हणजे सार्वमत आलं. सार्वमताआधी दोन तृतीयांश खासदार हवेतच, आणि त्या संसदेत सत्ताधारी पक्षाचे 336 सदस्य होते.

नमस्कार.