रागावणं हे पाप नव्हे : कॅथलिक प्राथमिक शाळेतला मनाचा तास

श्रोतेहो, नमस्कार.

वसईसारख्या भागातल्या बऱ्याच कॅथलिक शाळांत आठवड्यातून एकदा-दोनदा वर्ग दोन भागांत विभागला जातो. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात. त्यात गैर काही नाही. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, असं राज्यघटनेचं 28 वं कलमच सांगतं. पण मनाचा विषय नेमका या दोन खोल्यांमधल्या व्हरांड्यात पडून राहतो. राग, भीती, हेवा, दुःख यांचं काय करायचं, हे धर्मशिक्षणाच्या खोलीत आज्ञांच्या ओघात येऊन जातं, तर मूल्यशिक्षणाच्या खोलीत बोधकथेत. तेव्हा पहिली सूचना अशी, की मनाचा तास वेगळा ठेवा आणि त्याला सगळी मुलं एकत्र बसवा. मधल्या सुट्टीत ती भांडतात तेव्हा एकत्रच असतात ना?

आता सगळ्यात मोठा घोटाळा. आपल्या वर्गात मूल चिडलं की बाई म्हणतात, ‘असं रागवू नये, येशूला आवडत नाही.’ तिसरी-चौथीत पापनिवेदनाची, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या संस्काराची, तयारी सुरू झाली, की तेच मूल ‘मी रागावलो’ हे पापांच्या यादीत पहिलं लिहितं. हे धर्माच्या दृष्टीनेही चूक आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा 1767 वा परिच्छेद सांगतो, की भावना मुळात चांगल्याही नसतात आणि वाईटही. प्रश्न येतो तो बुद्धी आणि इच्छा त्यांत उतरतात तेव्हा. बायबलमधल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तर ‘रागावा, परंतु पाप करू नका’ असं सरळ म्हटलं आहे. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, थडग्याकडे जाताना येशू रडला, मंदिरात त्याने सराफांचे चौरंग उलथले. हे प्रसंग मुलांना माहीत असतात, आपण त्यांना फक्त या अंगाने दाखवत नाही. म्हणून फळ्यावर दोन रकाने आखा : ‘मला वाटलं’ आणि ‘मी केलं’. राग पहिल्या रकान्यात, ढकललं हे दुसऱ्या. निवेदन करायचं ते दुसऱ्या रकान्यातल्याचं. पहिला रकाना नुसता ओळखायचा.

ओळखायला शब्द लागतात. बाजारात हसरा, रडका, रागीट आणि घाबरलेला असे चार चेहऱ्यांचे तक्ते मिळतात. चार शब्दांवर वर्ष काढू नका, मराठी एवढी गरीब नाही. रुसणं आणि हिरमुसणं घ्या. रुसायला समोर कुणीतरी लागतं, समजूत काढणारं. हिरमुसलेलं मूल एकटंच कोपऱ्यात बसतं, त्याला कुणी बघावं असंही वाटत नसतं. चीड, धास्ती, हेवा, ओशाळणं, कसंनुसं होणं असे आठवड्याला दोन शब्द घेतले तरी वर्षाकाठी साठेक होतात. वसईतल्या मुलांच्या घरी बोली वेगळी असते. तिच्यातला शब्द आला तर तो फळ्यावर तसाच लिहा, प्रमाण मराठीत दुरुस्त करत बसू नका.

पहिली-दुसरीच्या मुलांना शब्दाआधी शरीर कळतं. कागदावर माणसाची बाह्यरेषा काढून द्या आणि विचारा, राग कुठे येतो? कुणी कान लाल करेल, कुणी मुठी रंगवेल. भीतीला पोटात गोळा, रडू येताना घसा दाटतो. कान तापले, की थांबायचं, एवढी खूण सात वर्षांच्या मुलाला पुरते.

तासाची बांधणी 35 मिनिटांची धरू. पहिली तीन मिनिटं शांतता : नाकाने तीन आकड्यांपर्यंत श्वास आत, पाच आकड्यांपर्यंत बाहेर, असं सहा वेळा. मग पंधरा मिनिटं गोल बसून बोलणं, दहा मिनिटं चित्र किंवा जोडीने नाट्य, उरलेल्या वेळात आवराआवर आणि शेवटचा एक शब्द. गोलात एक वस्तू फिरते, कापडी चेंडू किंवा शंख चालेल. ज्याच्या हातात ती, तोच बोलेल. बोलायचं नसेल त्याने ‘पुढे’ म्हणून वस्तू द्यावी, कारण विचारायचं नाही.

पण पन्नास मुलांचा गोल होत नाही. प्रत्येकाला वीस सेकंद दिले तरी सतरा मिनिटं जातात आणि तिसाव्या मुलापर्यंत पहिली दहा एकमेकांना चिमटे काढू लागतात. उपाय साधा आहे. एकाआड एक बाकावरच्या मुलांनी मागे तोंड करायचं, की चार-चारांचे गट होतात. मोठा गोल पंधरवड्यातून एकदाच, तोही अर्ध्या वर्गाचा. उरलेला अर्धा वर्ग तेवढा वेळ चित्र काढतो.

प्रश्न निवडताना जपा. ‘घरी तुला कोण ओरडतं?’ हा चारचौघांत विचारायचा प्रश्न नव्हे, त्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत पोहोचतं. ‘खेळात घेतलं नाही तर काय वाटतं?’ इथून सुरुवात करा.

दिवसाच्या शेवटी चार मिनिटांची एक सवय लावता येते. लोयोलाच्या संत इग्नाशियस यांनी सोळाव्या शतकात पाच पायऱ्यांचं आत्मपरीक्षण सांगितलं. लहान मुलांसाठी त्यातल्या तीन पुरतात : आज कशाबद्दल आभार, आज कुठे अडलं, उद्या काय करू. डोळे मिटून, मनातल्या मनात. कॅथलिक मूल प्रार्थना करेल, शेजारचं नुसता विचार करेल, दोघांची शांतता सारखीच. इथे बिघडतं ते क्रमात. बाई दुसऱ्या पायरीपासून सुरू करतात आणि मग तो रोजचा चुकांचा पाढा होतो. आभार आधीच हवेत. आणि हे मोठ्याने वाचून घ्यायचं नसतं.

भांडण झालं की ‘सॉरी म्हण, हात मिळव, झालं’ हा दहा सेकंदांचा कार्यक्रम कृपया बंद करा. त्यातून मूल एवढंच शिकतं, की शब्द टाकला की सुटका होते. पापनिवेदनाच्या संस्काराची रचनाही याहून धीराची आहे : पश्चात्ताप, कबुली, मग भरपाई. तोच क्रम वर्गात आणा. आधी दहा मिनिटं दोघांना लांब बसवा. मग वेगवेगळं ऐका : काय झालं, तुला काय वाटलं, त्याला काय वाटलं असेल. शेवटी भरपाई : वही फाडली तर तिला कागद चिकटवून, कव्हर घालून द्यायचं. माफी दुसऱ्या दिवशी आली तरी चालेल.

सतत छळ होत असेल तर गोष्ट वेगळी. त्रास सोसणाऱ्या मुलाला ‘सत्तर वेळा सात वेळा क्षमा कर’ हे वचन ऐकवलं जातं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या त्याच अठराव्या अध्यायात, थोडं आधी, अपराध करणाऱ्याला त्याची चूक एकांतात दाखवा, ऐकलं नाही तर आणखी दोघांना न्या, तरीही नाही तर मंडळीला सांगा, असं लिहिलं आहे. म्हणजे सांगणं हे चुगली नव्हे. आणि जिथे एकाचा जोर दुसऱ्यावर चालतो, तिथे ‘एकांतात दाखवणं’ हे काम मोठ्यांचं, त्या मुलाचं नाही. दोघांना समोरासमोर बसवूही नका.

बरेच शिक्षक वर्गात मनातलं सांगायला पेटी ठेवतात. बुटाच्या खोक्यानेही काम भागतं, फक्त झाकण चिकटवलेलं हवं. ती शिक्षक-खोलीच्या दाराशी नको, तिथे चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. ठरलेल्या वेळी प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, कोरी असली तरी. मग कोण काय म्हणालं ते बाकीच्या मुलांना कळत नाही. चिठ्ठीवर हजेरी क्रमांक हवा, नाहीतर मदत कुणाला करणार? आणि पेटी रोज, शाळा सुटायच्या आत उघडा. शुक्रवारी टाकलेली चिठ्ठी सोमवारी वाचली गेली, तर मधले दोन दिवस ते मूल ज्या घरात काढतं, तेच कदाचित चिठ्ठीत लिहिलेलं असतं.

इथे गुप्ततेचा गोंधळ होतो. फादर निवेदनातलं कुणालाच सांगत नाहीत, हे मुलांनी शिकलेलं असतं. बाईही तशाच, असं ती धरून चालतात. म्हणून पहिल्याच तासाला सांगा, ‘तुला कुणी इजा करत असेल, तर ते मी मदत करू शकणाऱ्या माणसाला सांगणार.’ मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असल्यास पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक, कायद्याने सगळ्यांवरच बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल लपवल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. ‘त्याने असं केलं का?’ असं सुचवणारं काही विचारू नका, शाळेची स्वतंत्र चौकशी-समिती आधी बसवू नका. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक प्रत्येक वर्गात मुलांच्या उंचीवर लावलेला हवा.

याच ओघात चौथी आज्ञा. ‘आईबापाचा मान राख’ शिकवताना मोठ्यांचं ऐकणं कुठे थांबतं, तेही शिकवायला हवं. नाही म्हण, लांब जा, सांग. आणि ‘मोठे’ म्हणताना काका, शेजारी, रिक्षावाला यांच्याबरोबर शिक्षक, फादर, सिस्टर हे शब्दही उच्चारा. ते गाळलेत, तर मूल त्यांना नियमाबाहेरचे समजतं.

दुःखाचा पाठ नोव्हेंबरात घ्या. 2 नोव्हेंबर हा मृत भाविकांचा दिवस बहुधा दिवाळीच्या सुट्टीत येतो, पण अख्खा महिनाच मृतांच्या स्मरणाचा असतो. कबरीवर लावलेल्या मेणबत्त्यांबद्दल एक मूल सांगेल, पितृपक्षात आजोबांसाठी ठेवलेल्या पानाबद्दल दुसरं. ‘देवाघरी झोपले’ असं मात्र म्हणू नका, लहान मुलं मग झोपायलाच घाबरतात. ‘वारले’ म्हणा.

या तासाला गुण नकोत, वहीतपासणीही नको. शिक्षकाने आपल्यापुरती एक वही ठेवावी. गोलात जे मूल सलग तीन-चार वेळा ‘पुढे’ म्हणतं, त्याच्या नावापुढे तारखा लिहाव्यात. मग एखाद्या दिवशी त्याला खडू-डस्टर आणायला बरोबर न्यावं आणि जाता-जाता विचारावं, आज डब्यात काय आणलंस?

नमस्कार.