शिकवणारी शेजारीण
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : संध्याकाळ. मांडवावर दुधीची पांढरी फुलं. बॅटरीचा उजेड, बायकांचे हात.]

दुधीचं फूल दिवस कलल्यावर उमलतं, म्हणून आजचा पाठ संध्याकाळी ठेवलाय.

अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका. मांडवाखाली जमलेल्या या बाया परसबाग दुसऱ्यांना शिकवायचं प्रशिक्षण घ्यायला आसपासच्या वाड्यांमधून आल्या आहेत. प्रशिक्षण देणाऱ्या ताई एक फूल उलटं करून दाखवतात. पाकळ्यांच्या मागे बोटाएवढा दुधी दिसला, की ती मादी. मागे नुसता देठ असला, तर नर. दोन्ही कळ्या दुपारीच दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या, किड्यांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणू नये म्हणून. आता दोरा सोडायचा, नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि पराग मादीच्या मधल्या गोंड्यावर अलगद टेकवायचा. मादीचं तोंड पुन्हा बांधायचं. देठाला लाल चिंधी. हा दुधी भाजीला जाणार नाही. साल टणक होऊन आत बिया खुळखुळेपर्यंत तो वेलावरच राहील.

ताईंनी हे एकदाच करून दाखवलं. दुसरं फूल त्यांनी समोरच्या मुलीच्या हातात दिलं आणि स्वतः मागे सरकल्या. "आता तू सांग, मी ऐकते."

[दृश्य : मुलगी फूल धरून बोलते आहे. तिचा मूळ आवाज २० सेकंद. निवेदन नाही.]

या प्रशिक्षणाचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. या बायांना बागकाम येतंच. शेतात, परसात त्यांचं आयुष्य गेलंय. इथे त्या शिकवायला शिकतात. प्रत्येक पाठ आधी करायचा, मग तोच दुसरीला समजावून सांगायचा, आणि तिसरीनं शंका विचारायच्या. घरी परतल्यावर आपल्या आळीतल्या चार परसांची जबाबदारी ज्या त्या बाईची. मानधन नाही.

परसबागेच्या नावानं बियाण्यांची पाकिटं पुष्कळदा वाटली जातात. फोटो निघतात, वाफे हिरवे होतात. पण पाकिटातलं बियाणं संकरित असेल, तर त्या पिकाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तरी झाडं पहिल्यासारखी निघत नाहीत. म्हणजे दरवर्षी नवं पाकीट हवं, आणि ते देणारं कुणीतरी हवं. गावरान वाणाचं बी मात्र घरात टिकतं, आणि ते कसं टिकवायचं हे सांगणारी शेजारीण असली की गावातही टिकतं. म्हणूनच इथे पहिला पाठ वाफ्याचा नसतो, बियाण्याचा असतो.

[दृश्य : कोंभाळणे. मातीची मडकी, त्यांतलं वाल आणि घेवड्याचं रंगीत बी.]

याच तालुक्यातलं हे कोंभाळणे. राहीबाई पोपेरे यांचं गाव. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. घरच्या आणि शेजारच्या परसातलं गावरान बी त्यांनी जमवलं, बायफ या संस्थेच्या साथीनं त्याची बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाल आणि घेवड्याचे किती रंग असतात पाहा : पांढरा, काळा, तांबूस, ठिपक्यांचा. पुरस्काराची बातमी सगळीकडे पोचली. पण त्या जिथे जातात तिथे बायांना बी कसं निवडायचं, कसं राखायचं हे शिकवत राहिल्या, ते काम मला पुरस्काराहून मोठं वाटतं.

[दृश्य : ओलं गोणपाट. त्यावर बियांच्या ओळी. मोजणारी बोटं.]

दुसऱ्या दिवशीचा पाठ मोजणीचा. ओल्या गोणपाटावर १०० बिया ओळीनं मांडायच्या, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. इथे उलगडली आहे ती आधी करून ठेवलेली गुंडाळी. ७० कोंब निघाले असतील, तर आळ्यात दोनाऐवजी तीन बिया टाकायच्या. निम्मेही निघाले नाहीत, तर ते बी कुणाला द्यायचं नाही. बी उगवलं नाही तर शेजारणीचा आपल्या पुढच्या शब्दावर विश्वास बसत नाही, असं ताई निक्षून सांगतात.

वाल आणि घेवड्याचं बी राखणं सोपं, कारण त्यांचं फूल आपल्या आपणच फळतं. भोपळा, काकडी, दोडका यांचा पराग मधमाशा आणि इतर किडे वाहून नेतात, तिथे चिंधी-दोऱ्याची मेहनत आली. हा फरक शिकवणारीला पक्का ठाऊक हवा. नाहीतर गोड दुधीशेजारी कडू दुधी फुलला, की पुढच्या वर्षीचं पीक कडू निघू शकतं आणि दोष तिच्या माथी येतो.

[दृश्य : परसातली मोरी, अळूची पानं, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं.]

पाणी. इकडे पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी चालावं लागतं. म्हणून मोरीचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून अळूला आणि केळीला. वेलाच्या आळ्यात मडकं, त्याच्या बुडाला भोक, भोकात कापडाची वात. मडकं भरून ठेवलं की ओल मुळाशी झिरपत राहते. शेवगा आणि पपई उत्तरेच्या कडेला, म्हणजे सावली वाफ्यांवर पडत नाही. कुंपणावर वेल.

[दृश्य : आजींचं घर. भिंतीवर शेणाच्या वाळलेल्या थाप्या.]

आता खरी परीक्षा. प्रशिक्षण घेतलेली सून शेजारच्या आजींच्या ओट्यावर आली आहे. आजी हातातलं काम सोडत नाहीत.

"अगं, तुझ्या सासूचं लग्न झालं नव्हतं तेव्हापासून वाल लावते मी. मला काय शिकवणार?"

"शिकवायला नाही आले, आजी. तुम्ही काकडीचं बी कसं ठेवता ते बघायला आले."

आजी उठतात. काकडीच्या बिया ताज्या शेणात कालवून त्यांनी भिंतीला थापल्या आहेत. थापी वाळली की बी कोंडलं जातं, कीड लागत नाही, पेरणीच्या वेळी थापी फोडायची. वालाला राख, मडक्याचं तोंड मातीनं लिंपलेलं. सून वहीत लिहून घेते. गोणपाटाच्या चाचणीचा विषय ती नंतर काढते, आणि तोवर आजींनी स्वतःच गोणपाट आणायला नातवाला पिटाळलेलं असतं.

आधी विचारायचं, मग सांगायचं. हा पाठ प्रशिक्षणाच्या वहीत पहिल्या पानावर आहे, आणि तो तिथेच असायला हवा.

[दृश्य : चूल. माठाची भाजी, आंबाडी, पोरांची ताटं.]

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक, ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून ताटातल्या पाल्याचं मोल मोठं. या ताटांमध्ये आता आठवड्यात बरेच दिवस पालेभाजी असते.

[दृश्य : बियाण्याच्या पुरचुंड्या, नोंदवही, अंगठे आणि सह्या.]

बी नेलं की हंगामानंतर दुप्पट परत करायचं, हा इथला नियम. वही बायाच ठेवतात. अडचण आहे ती जाण्यायेण्याची. पलीकडच्या वाडीवर शिकवायला जायचं तर जीपचं भाडं पदरचं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. त्यातून भाडं आणि मडक्यांचा खर्च मिळावा, असा अर्ज या बायांनी लिहिला आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा भरते, तिथे तो वाचला जाईल. वाचणार आहे तीच, मांडवाखाली फूल धरून बोलणारी मुलगी.