ठिपके कुठल्या रस्त्याचे?

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर पुण्याचा नकाशा. त्यावर निळी, वेडीवाकडी रेघ सरकते आहे.]

मार्केट यार्डातून भल्या पहाटे भाजी घेऊन निघालेल्या टेम्पोची ही रेघ. ड्रायव्हरच्या फोनने दर काही सेकंदांनी एक ठिपका नोंदवला आणि ते ठिपके जोडल्यावर हे चित्र उमटलं. सारसबागेपर्यंत सगळं सरळ चाललंय. सदाशिव पेठेत शिरल्यावर मात्र टेम्पो एका वाड्याची भिंत पार करून आत जातो आणि थेट मागच्या बोळात निघतो. पुढे डेक्कनजवळ तर चक्क मुठेच्या पाण्यातून चालल्यासारखा दिसतो. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणणार, गाडी रस्त्यावरच होती. आणि तो खरं बोलतोय.

[दृश्य : पेठेतली अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती, वर आभाळाची चिंचोळी पट्टी.]

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून फोन त्यांचं अंतर काढतो. इथे एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली, तर अंतर 300 मीटरनी चुकतं. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो. अशा गल्लीत मात्र काही उपग्रह दिसतच नाहीत, आणि जे दिसतात त्यांचा संदेशही भिंतींवर आपटून, उशिरा येतो. फोनला वाटतं, उपग्रह लांब गेला. ठिपका शेजारच्या वाड्यात पडतो.

मग ठिपका उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवला की झालं! असं वाटतं खरं, पण ते कुठे फसतं ते नदीकाठी नीट दिसतं.

[दृश्य : झेड ब्रिज, त्याच्या खालून जाणारा नदीपात्रातला रस्ता. वरून दुचाकी, खालून टेम्पो.]

टेम्पो खालून, नदीपात्रातल्या रस्त्याने चाललाय. नकाशावर हा रस्ता आणि झेड ब्रिज एकमेकांना छेदताना दिसतात, पण भेटत कुठेच नाहीत. एक ठिपका नेमका पुलाच्या रेघेला चिकटून पडला. ‘जवळचा रस्ता’ हा नियम लावला की टेम्पो क्षणात पुलावर आणि पुढच्या ठिपक्याला परत खाली. सरळ मोजलं तर हे अंतर काही मीटरचंच आहे. गाडीने जायचं तर मात्र केवढा वळसा! तेवढ्या सेकंदांत तो कोणालाच शक्य नाही.

यावरचा आज सर्रास वापरला जाणारा उपाय मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या पॉल न्यूसन आणि जॉन क्रम यांनी 2009 साली मांडला. सिएटल परिसरातल्या सुमारे 80 किलोमीटरच्या प्रवासावर त्यांनी तो तपासला होता. त्यांची पद्धत प्रत्येक ठिपक्यासाठी आसपासचे सगळे रस्ते उमेदवार म्हणून उभे करते आणि दोन गोष्टी तपासते. ठिपका त्या रस्त्यापासून किती लांब आहे? आणि आधीच्या ठिपक्याच्या रस्त्यावरून इथवर यायला गाडीला जे अंतर कापावं लागेल, ते दोन ठिपक्यांमधल्या सरळ अंतराशी मिळतंजुळतं आहे का? पुलाचा उमेदवार दुसऱ्या प्रश्नाला गारद होतो.

[दृश्य : वारज्याजवळचा बायपास. मध्ये महामार्ग, कडेला सर्व्हिस रोड.]

खरी गंमत वारज्याला. महामार्ग आणि सर्व्हिस रोड इतके लगत, की ठिपके दोघांच्या मधोमध पडतात. त्या क्षणी कोणालाच सांगता येणार नाही, टेम्पो कुठल्या रस्त्यावर आहे. सॉफ्टवेअरही घाई करत नाही, दोन्ही शक्यता हातात ठेवून पुढे सरकतं. थोड्या वेळाने टेम्पो एका दुकानापाशी थांबतो, आणि त्या दुकानाला वाट फक्त सर्व्हिस रोडवरून आहे. मधे महामार्गावरून खाली उतरायला जागाच नव्हती. म्हणजे मागचे सगळे ठिपकेही सर्व्हिस रोडचेच! असा शेवटाकडून मागे निकाल लावण्याची रीत अँड्र्यू व्हिटर्बी यांची, 1967 सालची. मुळात ती संदेशवहनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी होती.

[दृश्य : पडद्यावर सॉफ्टवेअर चालू. निळ्या ठिपक्यांवर हिरवी रेघ बसत जाते.]

हे काम करणारी ओएसआरएम, व्हालहाला, ग्राफहॉपर अशी मोफत साधनं आहेत. आम्ही ओएसआरएम वापरलं. ते रस्ते घेतं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातून. ठिपके देताना आधी रेखांश, मग अक्षांश द्यायचा. उलटं दिलंत तर पुण्याचा टेम्पो नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या गार पाण्यात सापडतो. ठिपका किती मीटरपर्यंत चुकू शकतो, हेही सांगता येतं. सांगितलं नाही तर ते पाच मीटर धरून चालतं. पेठांमध्ये पाच मीटर म्हणजे फारच आशावाद झाला, तिथे आकडा वाढवावा लागतो. पण फार वाढवला तर शेजारच्या गल्ल्याही उमेदवारीला उभ्या राहतात.

[दृश्य : एकेरी रस्त्याची पाटी. तिच्याखालून उलट दिशेने येणारी दुचाकी.]

आता पुण्याचा खास प्रश्न. हे सॉफ्टवेअर कायद्याने चालतं. एकेरी रस्त्यावर कोणी उलटं येईल, हे त्याला मान्यच नाही. आपल्याकडे ‘एवढंसंच तर जायचंय’ म्हणून राँग साइडने येणारे काय कमी आहेत? अशा दुचाकीचे ठिपके दिले की सॉफ्टवेअर तिला शेजारच्या गल्लीतून सभ्यपणे फिरवून आणतं, नाहीतर ट्रेसचे, म्हणजे ठिपक्यांच्या माळेचे, दोन तुकडे करतं. पडद्यावर दिसते ती झालेल्या प्रवासाची कायदेशीर आवृत्ती. वाहतुकीचा अभ्यास करायचा असेल, तर ही आवृत्ती कुचकामी. तेव्हा दुचाकींसाठी एकेरीचा नियम सैल करून घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

प्रत्येक जुळणीसोबत शून्य ते एकमधला एक आकडा येतो, सॉफ्टवेअरला स्वतःची किती खात्री आहे ते सांगणारा. पण नकाशाच चुकीचा असेल, तर ते चुकीचं उत्तरही छातीठोकपणे देऊ शकतं.

[दृश्य : चांदणी चौक, वरून. एकमेकांवरून जाणारे रॅम्प.]

चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्री स्फोटाने पाडला, आणि 12 ऑगस्ट 2023 रोजी नव्या उड्डाणपुलाचं उद्घाटन झालं. 2021 चा ट्रेस आजच्या नकाशावर बसवलात, तर गाडी तेव्हा नसलेल्या रॅम्पवर चढते. विद्यापीठ चौकातही तेच, तिथले उड्डाणपूल 2020 मध्ये पाडले गेले. ओपनस्ट्रीटमॅप प्रत्येक बदलाचा इतिहास जपून ठेवतो. त्यामुळे जुन्या ट्रेससाठी त्याच काळातला नकाशा काढायचा, आणि मगच ठिपके जुळवायला घ्यायचे.